फुप्फुस नीलांचा संकोच, बालकांतील

फुप्फुसांत ऑक्सिजनयुक्त झालेले रक्त हृदयाच्या डाव्या अलिंदाकडे (डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याकडे) आणणाऱ्या नीलांपैकी एक वा अधिक नीला अरुंद होण्याच्या विकाराला फुप्फुस नीलांचा संकोच असे म्हणतात. हा विकार विरळा असून तो बहुधा आयुष्याच्या पहिल्या एकदोन वर्षांत प्रकट होतो. रक्तवाहिनीतून आत सरकविता येणारी बारीक, लवचिक व पोकळ नळी म्हणजे नालशलाका. प्रचारातील शब्द कॅथेटर. तिच्या टोकाशी बसविलेल्या फुग्याने अरुंद नीला आतून रुंद करणे, ही या विकारावरील एक प्रमुख चिकित्सा होय. पडद्यातील छिद्रासारखा जन्मजात दोष एकदा नीट दुरुस्त झाला की तो बहुधा कायमचा जातो. येथे मात्र दोष नीलेच्या भित्तीत असतो, भित्ती आतील बाजूस वाढत राहते आणि उघडलेली नीला पुन्हा मिटू लागते. यामुळे या विकाराची चिकित्सा अनेक महिने, कधीकधी अनेक वर्षे, चालू ठेवावी लागते. मूल तज्ञापर्यंत वेळेवर पोहोचणे आणि ठरलेल्या मुदतीत पुन्हा पुन्हा पोहोचणे, यावर तिचे यश तज्ञाच्या कौशल्याइतकेच अवलंबून असते.

रचना व कार्य : शरीरातील इतर नीलांमधून ऑक्सिजन कमी झालेले रक्त वाहते, फुप्फुस नीला त्यांना अपवाद आहेत. सर्वसाधारणपणे प्रत्येक फुप्फुसातून दोन याप्रमाणे चार नीला निघतात व डाव्या अलिंदाच्या मागील भित्तीत स्वतंत्रपणे उघडतात. प्रौढात त्यांचा व्यास सु. १०–१५ मिमी. असतो, तर नवजात अर्भकात तो अवघा काही मिमी. असतो. भ्रूणावस्थेत डाव्या अलिंदाच्या मागील बाजूस एकच सामाईक नीला अंकुरते, ती फुप्फुसांभोवतालच्या नीलाजालाला जाऊन मिळते आणि पुढे अलिंदाच्या भित्तीत सामावून जाते. त्यामुळे तिच्या चार शाखांची मुखे अलिंदात वेगवेगळी उघडू लागतात. या क्रमात बिघाड झाल्यास नीला भलत्याच ठिकाणी उघडणे, त्या मुखाशी अरुंद राहणे किंवा मुळीच न उघडणे असे दोष उद्‌भवतात.

या नीलांतील रक्तदाब अतिशय कमी असतो. डाव्या अलिंदातील सरासरी दाब सामान्यतः पाऱ्याच्या ५–१० मिमी. इतकाच असल्याने नीलेच्या मुखाशी थोडासा अडथळाही प्रवाहावर मोठा परिणाम करतो. नळीतून संथ प्रवाह वाहत असताना दाब कायम ठेवला, तर प्रवाहाचे मान त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजे व्यास निम्मा झाल्यास प्रवाह एकषोडशांशावर येतो. सजीव रक्तवाहिनी ही आदर्श नळी नसली, तरी ४ मिमी. व्यासाच्या नीलेत १ मिमी.चा फरक किती मोलाचा असतो, हे यावरून लक्षात येते.

प्रकार व कारणे : या विकाराचे दोन मुख्य प्रकार मानतात. (१) प्राथमिक : यात पूर्वी कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नसताना नीला अरुंद होतात. काही बालकांत याच्या जोडीला हृदयाच्या पडद्यातील छिद्रासारखे इतर जन्मजात दोष असतात. (२) शस्त्रक्रियोत्तर : काही अर्भकांत चारही फुप्फुस नीला डाव्या अलिंदाऐवजी उजव्या बाजूच्या रक्तमार्गाला जोडलेल्या असतात. या दोषास फुप्फुस नीलांची संपूर्ण विसंगत जोडणी असे म्हणतात. शस्त्रक्रियेने ही जोडणी योग्य जागी केल्यानंतर सु. १० ते १८ टक्के बालकांत नीला पुन्हा अरुंद होत असल्याचे निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे. हा संकोच बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतो.

अकाली जन्मलेली व दीर्घकाळ कृत्रिम श्वसनावर ठेवावी लागलेली बालके आणि डाउन लक्षणसमूह असलेली बालके यांत हा विकार तुलनेने अधिक आढळतो. अकाली जन्मलेल्या अर्भकांच्या जन्मानंतर लगेच केलेल्या तपासणीत नीला पुष्कळदा रुंद दिसतात व संकोच पुढील काही महिन्यांत निर्माण होतो. यावरून ‘जन्मजात’ हा शब्द येथे सर्वत्र लागू पडत नाही, हे स्पष्ट होते. एकदा घेतलेली निर्दोष प्रतिमा पुढील काळाची हमी देऊ शकत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता नीलेच्या आतल्या अस्तराखाली स्नायू व तंतुमय ऊतक या दोहोंचे गुणधर्म असलेल्या कोशिकांची दाट वाढ झालेली दिसते. या कोशिका अस्तराला आतून जाड करीत नीलेची पोकळी भरून काढतात. ही वाढ मुखाजवळ सुरू होऊन फुप्फुसाच्या आतील शाखांकडे पसरू शकते. एकच नीला बाधित असल्यास रोग तेथेच थांबण्याची शक्यता असते. तीन वा चार नीला बाधित झाल्या असल्यास मात्र रोग वेगाने वाढतो. नीलांच्या फुप्फुसाबाहेरील भागातील संकोचाचे वर्णन ऑस्ट्रेलियन विकृतिवैज्ञानिक आर. डी. के. राय यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केले.

परिणाम व लक्षणे : नीलेचे मुख अरुंद झाले की तिच्या मागील बाजूस, म्हणजे फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत, रक्त तुंबते. केशवाहिन्यांतील दाब वाढल्याने रक्तातील द्रव भोवतालच्या ऊतकात व वायुकोशांत पाझरतो आणि श्वसन कष्टाचे होते. अडथळा टिकून राहिल्यास फुप्फुस रोहिण्यांतील दाबही वाढतो आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागल्याने हृदयाचे उजवे निलय (खालचा कप्पा) जाड होऊन अखेर दुर्बल होते. एकच नीला अरुंद असेल, तर फुप्फुसाच्या त्या भागाकडे जाणारे रक्त निरोगी भागांकडे वळते. त्यामुळे एकूण दाब फारसा वाढत नाही आणि विकार बराच काळ लपून राहतो.

बालक जोरजोराने श्वास घेते, दूध ओढताना दमते, त्याला घाम येतो, त्याचे वजन वाढत नाही. खोकला व ‘न्यूमोनिया’ पुन्हा पुन्हा होतो. थोड्या मोठ्या मुलांत थुंकीतून रक्त पडू शकते. विकार वाढल्यावर ओठ व नखे निळसर दिसू लागतात. हृदयाच्या इतर अनेक विकारांत छातीवर मर्मर ध्वनी ऐकू येतो; येथे तो पुष्कळदा नसतो. त्यामुळे ही सर्व लक्षणे फुप्फुसाच्या रोगाची वा नुसत्या अशक्तपणाची समजली जाण्याचा धोका असतो. श्वास जलद असूनही ज्वर नसणे, प्रतिजैविक औषधांनी अपेक्षित गुण न येणे आणि क्ष-किरण चित्रात फुप्फुसाचा तोच भाग वारंवार धूसर दिसणे, या तीन गोष्टी एकत्र आढळल्यास फुप्फुस नीलांकडे लक्ष वळविणे आवश्यक ठरते.

निदान : श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने हृदयाची प्रतिमा मिळविण्याची पद्धत (रूढ नाव एको तपासणी) ही निदानाची पहिली पायरी होय. तीत प्रत्येक नीलेचे मुख स्वतंत्रपणे शोधून तेथील रक्ताचा वेग डॉप्लर तत्त्वाने मोजतात. निरोगी नीलेतील प्रवाह हृदयाच्या ठोक्यागणिक कमीजास्त होतो व त्याचा वेग सामान्यतः सेकंदाला १ मी.पेक्षा कमी असतो. अरुंद नीलेत हा चढउतार नाहीसा होऊन प्रवाह वेगवान व अखंड होतो. पूर्ण बंद झालेल्या नीलेत मात्र प्रवाहच नसल्याने वेगही मिळत नाही. म्हणून चारही मुखे दिसली की नाही याची नोंद करणे महत्त्वाचे असते. फुप्फुसातील हवेमुळे नीलांच्या आतील शाखा या पद्धतीने दिसत नाहीत. त्यांसाठी नीलेत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव देऊन संगणकाच्या साहाय्याने छातीच्या छेदांच्या प्रतिमा घेतात (सी. टी. तपासणी). अंतिम निश्चिती व दाबांचे प्रत्यक्ष मापन नालशलाकेने होते.

नालशलाका-चिकित्सेचा विकास : जर्मन वैद्य व्हेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या हाताच्या नीलेतून हृदयापर्यंत नळी सरकवून नालशलाकेचा पाया घातला. या कार्याबद्दल त्यांना आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांच्यासमवेत १९५६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रारंभी नालशलाकेचा उपयोग केवळ निदानासाठी होत असे. चार्ल्‌स डॉटर यांनी १९६४ मध्ये पायातील अरुंद रोहिणी नालशलाकेने रुंद केली. विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये अर्भकाच्या दोन अलिंदांमधील पडदा फुग्याने फाडून रक्तमिश्रणास वाट करून दिली व बालकांच्या हृदयावर छाती न उघडता उपचार करता येतात हे दाखविले. आंड्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे हृद्‌रोहिणी फुग्याने रुंद केली आणि १९८२ मध्ये जीन कान व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुस रोहिणीची अरुंद झडप फुग्याने उघडल्याचे वृत्त प्रसिद्ध केले.

या यशामुळे फुप्फुस नीलाही अशाच उघडता येतील अशी अपेक्षा निर्माण झाली होती. परंतु त्याच वर्षी, १९८२ मध्ये, अमेरिकेतील ह्यूस्टन येथील डेव्हिड ड्रिस्कॉल, पीटर हेस्लाइन व चार्ल्‌स मलिन्स यांनी फुग्याने फुप्फुस नीला रुंद करण्याच्या प्रयत्नांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि हा उपचार अयशस्वी ठरल्याचे त्याच्या शीर्षकातच नमूद केले. झडप व नीला यांतील फरक या अनुभवातून पुढे आला. झडपेच्या चिकटलेल्या कडा फुग्याच्या दाबाने जोडावर सुट्या होतात आणि सुट्या राहू शकतात. भारतात संधिवाती ज्वरामुळे अरुंद झालेली द्विदल झडप याच तत्त्वावर उघडली जाते व तिचा लाभ रुग्णाला अनेक वर्षे मिळतो. नीलेच्या भित्तीला असा जोड नसतो. फुग्याने ती ताणली जाते वा आतून चिरते. ताणलेली भित्ती आकसते आणि चिरलेली भित्ती भरून येताना पुन्हा जाड होते.

चिकित्सेची पद्धत : बालकाला संपूर्ण भूल देऊन जांघेतील नीलेत सुईने प्रवेश करतात व त्या वाटेने एक छोटी नळी बसवितात. रक्त साखळू नये म्हणून हेपारीन देतात. नालशलाका अधोमहानीलेतून उजव्या अलिंदात, तेथून उजव्या निलयात व फुप्फुस रोहिणीत नेऊन सर्व ठिकाणचे दाब नोंदवितात. फुप्फुस रोहिणीच्या एका लहान शाखेत नालशलाकेचे टोक रुतवून अपारदर्शक द्रव सोडला असता तो केशवाहिन्यांमधून नीलेत उतरतो. त्यामुळे मुखाशी बंद असलेल्या नीलेचीही आतील बाजू क्ष-किरण पडद्यावर दिसते. नीला खरोखरच संपली आहे की केवळ तिचे मुख मिटले आहे, हे ठरविण्यास ही युक्ती विशेष उपयोगी पडते.

फुप्फुस नीला डाव्या बाजूस उघडत असल्याने तेथे पोहोचण्यासाठी दोन अलिंदांमधील पडदा ओलांडावा लागतो. अनेक अर्भकांत या पडद्यात जन्मापासूनची फट शिल्लक असते; नसल्यास विशिष्ट सुईने पडद्याला छिद्र पाडतात. त्यानंतर केसासारखी बारीक तार अरुंद मुखातून नीलेच्या आत सरकवितात. या तारेवरून मिटलेला फुगा नेऊन तो संकोचाच्या जागी आणतात आणि पातळ केलेल्या अपारदर्शक द्रवाने फुगवितात. फुगा फुगताना संकोचाच्या जागी त्याला कंबरेसारखी खाच पडलेली दिसते. ती नाहीशी झाली म्हणजे नीला रुंद झाली असे समजतात. फुगा काही सेकंदच फुगवून लगेच रिकामा करतात, कारण तेवढा वेळ त्या नीलेतील रक्तप्रवाह थांबलेला असतो. शेवटी मुखाच्या दोन्ही बाजूंचे दाब पुन्हा मोजून फरक किती उरला ते पाहतात.

साध्या फुग्याला न जुमानणाऱ्या कठीण संकोचासाठी पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म पाती बसविलेला फुगा वापरतात. तो फुगताना पाती जाड अस्तराला ठराविक ठिकाणी चिरा पाडतात. मग साध्या पण अधिक मोठ्या फुग्याने ती जागा रुंद करतात. तात्कालिक लाभ यामुळे वाढला, तरी पुनःसंकोच टळला नाही. बहुसंख्य नीलांवर वर्षभराच्या आत पुन्हा उपचार करावा लागतो, असा मोठ्या केंद्रांचा अनुभव आहे.

स्टेंट : ताणलेली भित्ती आकसू नये म्हणून तारेच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, नीलेत बसवितात. तो मिटलेल्या अवस्थेत फुग्यावर चढवून नेतात आणि फुगा फुगविल्यावर तो उघडून भित्तीला टेकतो. स्टेंट जितका मोठा तितका तो अधिक काळ मोकळा राहतो, सु. ७ मिमी. वा त्याहून अधिक व्यासाच्या स्टेंटचे फलित लहान स्टेंटपेक्षा चांगले असल्याचे आढळले आहे. परंतु तीनचार महिन्यांच्या अर्भकाच्या नीलेत एवढा स्टेंट मावत नाही. तेथे प्रौढांच्या हृद्‌रोहिणीसाठी बनविलेला छोटा स्टेंट बसवावा लागतो. मूल वाढते, स्टेंट वाढत नाही. म्हणून तो पुढे मोठ्या फुग्याने टप्प्याटप्प्याने रुंद करावा लागतो व त्यालाही मर्यादा असते. शिवाय जाळीच्या छिद्रांमधून कोशिकांची वाढ आत शिरतेच. ही वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप असलेल्या स्टेंटमुळे साध्या स्टेंटच्या तुलनेत पुनःसंकोच कमी होतो, असे अलीकडील अभ्यासांत दिसून आले आहे.

धोके : नीला फाटणे, फुप्फुसात रक्तस्राव होणे, पडदा ओलांडताना हृदयाच्या आवरणात रक्त साचणे, स्टेंट जागेवरून निसटणे, तसेच डाव्या बाजूस हवेचा बुडबुडा वा रक्ताची गुठळी सुटून मेंदूकडे जाणे, हे प्रमुख धोके होत. वारंवारच्या उपचारांमुळे जांघेतील नीला बंद पडू शकते व क्ष-किरणांची एकूण मात्रा वाढत जाते. म्हणून प्रत्येक वेळी होणारा लाभ व धोका यांचा तोल साधावा लागतो.

औषधे : कोशिकांची वाढ हेच रोगाचे मूळ असल्यामुळे ती रोखणारी औषधे नालशलाकेच्या जोडीस देण्याचा प्रघात २०१० नंतर वाढला. त्यांपैकी सिरोलिमस हे औषध विशेष उल्लेखनीय आहे. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरून १९६४ मधील एका वैज्ञानिक मोहिमेत आणलेल्या मातीतील सूक्ष्मजीवापासून ते मिळाले. कॅनडातील माँट्रिऑल येथील प्रयोगशाळेत भारतीय वंशाचे सूक्ष्मजीववैज्ञानिक सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळे केले व १९७५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. बेटाच्या स्थानिक ‘रापा नुई’ या नावावरून त्याला रॅपामायसिन असेही म्हणतात. प्रथम मूत्रपिंड प्रतिरोपणानंतर आणि पुढे हृद्‌रोहिणीतील स्टेंटवरील लेप म्हणून ते वापरात आले. फुप्फुस नीलांच्या संकोचात ते तोंडाने देतात. रोगप्रतिकारक्षमता कमी होणे हा त्याचा मोठा दोष असल्याने रक्तातील त्याची पातळी नियमितपणे तपासावी लागते. काही केंद्रांत कोशिकावृद्धी रोखणारी कर्करोगावरील औषधेही वापरण्यात आली आहेत.

शस्त्रक्रिया : अरुंद मुखाला ठिगळ लावून ते रुंद करण्याच्या जुन्या पद्धतीत टाक्यांच्या जागीच पुन्हा संकोच होत असे. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात नीलेच्या कडेला टाके न घालण्याची पद्धत प्रचारात आली. तीत नीला चिरून उघडी ठेवतात आणि भोवतालच्या हृदयावरणाचा पदर अलिंदाला असा शिवतात, की नीलेतील रक्त त्या पदराच्या कोषातून अलिंदात जावे. मुखाशी मर्यादित असलेल्या संकोचात ही शस्त्रक्रिया हितकारक ठरते. आतील शाखांपर्यंत पसरलेल्या रोगात नालशलाकाच अधिक खोलवर पोहोचू शकते. पुष्कळ बालकांत शस्त्रक्रिया, नालशलाका व औषधे या तिन्ही उपायांचा क्रमाने अवलंब करावा लागतो. सर्व उपाय थकल्यास फुप्फुसांचे प्रतिरोपण हा शेवटचा पर्याय उरतो. अर्भकांत तो जगातील मोजक्या केंद्रांतच साध्य आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील निदान व पाठपुरावा : या चिकित्सेला लागणारी नालशलाका-प्रयोगशाळा, बालहृद्‌रोगतज्ञ, बालकांना भूल देणारे तज्ञ व शस्त्रक्रियेचा सज्ज गट ही सामग्री मोठ्या शहरांतच एकवटलेली आहे. मुंबईतील राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय व बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, तसेच नवी मुंबईतील खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय ही राज्यात बालकांच्या हृद्‌विकारांवर उपचार करणारी काही केंद्रे होत. रोग मात्र खेड्यातही उद्‌भवतो व त्याची पहिली लक्षणे घरात, अंगणवाडीत वा प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसतात. या अंतराचा रोगाच्या गतीशी असलेला संबंध स्पष्ट होण्यासाठी नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील खांडबारा या गावाचे उदाहरण घेता येईल.

खांडबारा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक असून तेथे ग्रामीण रुग्णालय आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची सु. ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पश्चिमेकडे लोहमार्गाने सुरत जवळ आहे, तर मुंबई नंदुरबारपासून सु. ४०० किमी. दूर आहे. प्रत्येक फेरीत आईवडिलांची मजुरी बुडते व घरातील इतर मुलांची सोय लावावी लागते. एकदाच करावयाच्या शस्त्रक्रियेसाठी कुटुंब हा भार कसाबसा सोसते. दर काही आठवड्यांनी अथवा महिन्यांनी करावयाच्या फेऱ्यांसाठी तो सोसणे अवघड असते आणि फुप्फुस नीलांच्या संकोचात नेमक्या अशाच फेऱ्या कराव्या लागतात.

निदानाच्या वाटेवर या भागात आणखी दोन अडसर आहेत. एक म्हणजे कुपोषण. वजन न वाढणारे मूल येथे इतके परिचित आहे, की त्याचे कारण अन्नाच्या कमतरतेतच शोधले जाते. दुसरा म्हणजे आदिवासी समाजात आढळणारा सिकलसेल हा रक्तविकार. त्यातही बालकाला वारंवार छातीचा आजार होऊ शकतो. तथापि सिकलसेलची लक्षणे सामान्यतः वयाच्या सहा महिन्यांनंतर दिसू लागतात, कारण तोपर्यंत भ्रूणावस्थेतील हीमोग्लोबिन बालकाचे संरक्षण करते. त्यामुळे दोनतीन महिन्यांचे बालक जलद श्वास घेत असेल व त्याचे वजन खुंटले असेल, तर हृदयाची तपासणी प्रथम होणे युक्त ठरते. कुपोषित ठरविलेले बालक पुरेसा आहार मिळूनही सुधारत नसेल, तर त्याबाबतही हेच लागू पडते.

यासाठी लागणारी प्राथमिक साधने साधी आहेत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडून बालकांच्या न्यूमोनियाचे निदान व उपचार करविले आणि त्यामुळे बालमृत्यू कमी झाल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध केले. या निदानाचा मुख्य आधार मिनिटाला होणाऱ्या श्वासांची मोजणी हा असतो. दोन महिन्यांखालील बालकात ६०, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० वा त्यांहून अधिक श्वास हे धोक्याचे चिन्ह मानतात. हीच मोजणी फुप्फुस नीलांच्या विकाराचाही पहिला इशारा देऊ शकते. त्यासाठी उपचारानंतर ती पुन्हा करून पाहणे आवश्यक असते. न्यूमोनिया बरा झाल्यावर श्वासांची संख्या उतरते, नीला अरुंद असल्यास ती चढीच राहते. बोटाला वा तळपायाला लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दाखविणारे छोटे उपकरण व अंगणवाडीतील वजनाचा तक्ता ही आणखी दोन साधने होत. आलेखाची रेषा आडवी होणे हे हृद्‌विकाराचेही लक्षण असू शकते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करण्याची तरतूद असून जन्मजात हृद्‌विकारांचा समावेश आहे. फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा तपासतात. राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू असून हृद्‌विकारांवरील अनेक उपचारांचा खर्च तीत अंतर्भूत आहे. या योजनांमुळे बहुसंख्य जन्मजात हृद्‌विकारांच्या बाबतीत मोठी सोय झाली. फुप्फुस नीलांचा संकोच मात्र त्यांच्या वेळापत्रकात सहज बसत नाही : दोन तपासण्यांमध्ये सहा महिन्यांचे अंतर असते, तर नीला काही आठवड्यांतच मिटू शकते. त्यामुळे फिरत्या पथकाची वाट न पाहता आशा कार्यकर्ती, परिचारिका व ग्रामीण रुग्णालयातील वैद्य यांनी संशयित बालकाला थेट पुढे पाठविणे हिताचे ठरते. विसंगत नीलाजोडणीची शस्त्रक्रिया झालेले बालक गावी परतल्यावर त्याच्या कागदपत्रांत पुढील एको तपासणीची तारीख व धोक्याची चिन्हे मराठीत, शक्य तर कुटुंबाच्या बोलीत समजावून, नोंदविलेली असणे विशेष उपयुक्त असते. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याच्या समाधानात हीच तपासणी राहून जाण्याचा संभव असतो.

फलानुमान : पूर्वी तीनचार नीला बाधित असलेली बहुतेक बालके दोनतीन वर्षांच्या आत दगावत. नियोजित मुदतीने वारंवार केलेली नालशलाका-चिकित्सा, औषधलेपित स्टेंट व सिरोलिमससारखी औषधे यांच्या एकत्रित उपयोगाने जगणाऱ्या बालकांचे प्रमाण विशेष केंद्रांत लक्षणीय वाढले आहे. एकदोन नीलांपुरता मर्यादित विकार, उशिरा झालेला प्रारंभ व फुप्फुस रोहिण्यांतील कमी दाब ही अनुकूल चिन्हे होत. सहा महिन्यांखालील वय, सर्व नीलांचा सहभाग व आतील शाखांतील प्रसार ही प्रतिकूल चिन्हे मानतात. पूर्ण बंद झालेल्या नीलेमागील फुप्फुसाचा भाग कालांतराने निकामी होतो व मग ती उघडण्याचा फारसा उपयोग राहत नाही. ती अरुंद असतानाच हाती लागल्यास तिचा मार्ग टिकविता येतो. जी बालके पहिली दोनतीन वर्षे पार करतात, त्यांच्यात भित्तीच्या वाढीचा वेग पुष्कळदा मंदावतो व उपचारांमधील अंतर वाढविता येते.